चिंधी पिसाळलेली नव्हती

कुत्र्याचं तोंड वासलेलं राहिलं, लाळ गळायला लागली आणि ते खायला उठेना, की आपल्याकडे एकच शब्द निघतो. पिसाळलं. हा शब्द एकदा कोणाच्या तोंडातून सुटला की पुढे कोणी काही बघत नाही. मध्यंतरी अंबरनाथहून एका मुलीचा फोन आला, माझ्या पूनमच्या ऑफिसातली. तिच्या कुत्र्याला बाइकने उडवलं होतं, जबडा लटकत होता आणि घरचे म्हणत होते, हात लावू नको, पिसाळलंय. मी तिला इतका वेळ समजावत बसले की कुकरची शिट्टीपण ऐकू आली नाही. नंतर पूनम म्हणाली, "मम्मी, तू हे लिहूनच का नाही ठेवत? दर वेळी रडतेस आणि सांगतेस."

म्हणून लिहितेय. मी काही लेखिका नाही. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात मी बेल्ट लावते, म्हणजे पँटची कंबरपट्टी शिवते. जे झालं ते सरळ सांगणार. कोणाला झोंबलं तर झोंबू दे.

आमची चिंधी

कारखान्यात कटिंगचे जे तुकडे उरतात त्याला आम्ही चिंधी म्हणतो. त्या ढिगात ही सापडली, डोळे नुकते उघडलेले. शेठ म्हणाले, "ले जा शैला, नहीं तो किसी दिन गोनी में भर के चली जाएगी." मी डब्याच्या पिशवीत घालून घरी आणली. त्याला आता बरीच वर्षं झाली. नाव शोधायची गरजच पडली नाही.

घरात मी, आमचे मिस्टर, सासूबाई आणि पूनम. वरच्या मजल्यावर माझे दीर सुरेश भावजी आणि त्यांचं बिऱ्हाड. भावजींचं मोबाइलच्या कव्हर-चार्जरचं दुकान आहे. गल्लीत त्यांना मान आहे. दर रविवारी विहारात पांढरे कपडे घालून पुढे बसतात आणि सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घेतात. आवाज चांगला आहे, खोटं कशाला बोलू.

चिंधीला दर वर्षी रेबीजची सुई दिलेली. गल्लीतल्या पोरांनी तिच्या कानाला क्लिपा लावल्या तरी गप बसून राहणारी. भुंकायची फक्त भंगारवाल्यावर.

पाणी दाखवा, पाणी

त्या दिवशी कारखान्यातून आले तर गल्लीच्या तोंडाशी गर्दी. भावजी हात पसरून ओरडत होते, "लांब व्हा, लांब व्हा! पिसाळलीय ती!" बायांनी पोरं ओढून घरात घेतली होती. चिंधी इस्त्रीवाल्याच्या गाडीखाली घुसलेली. खालचा जबडा लोंबत होता. लाळेची तार लागली होती आणि तिच्यात रक्त होतं.

मी पुढे गेले तर मिस्टरांनी दंड धरला. "वेडी झालीस का? चावली तर?"

मग कोणीतरी शहाणा बोलला, "पाणी दाखवा, पाणी. पिसाळलेलं असेल तर पाण्याला घाबरतं." झालं. एकाने टोप आणला, काठीने पुढे सरकवला. चिंधीला तहान लागलेली. ती सरपटत बाहेर आली, टोपात तोंड घातलं, जीभ बाहेर काढायला गेली आणि किंचाळून मागे सरली. परत गेली, परत मागे सरली.

"बघा, बघा! घाबरली पाण्याला!"

अरे मेल्यांनो, जबडा तुटलेला जीव पाणी कसा पिणार? पण हे मला आज कळतं. त्या वेळी मीसुद्धा ते बघितलं आणि दोन पावलं मागे सरले. ती पाण्याला नाही, दुखण्याला घाबरत होती. हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं.

हे वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते, ही पाण्याची परीक्षा करू नका. तिच्यातून काही कळत नाही. आणि पिसाळण्याची भीती खोटी नसते, लाळेला उघडा हात लावू नका. आम्ही घरातल्या सगळ्यांनी सरकारी दवाखान्यात रांग लावून सुया घेतल्या, ते बरोबरच केलं. पण तोंडात काय झालंय हे डॉक्टरने बघितलंच पाहिजे. त्याला बघायला लावा.

पहिला दवाखाना

कांबळं टाकून, काठीने ढकलून तिला एका टोपलीत घातली आणि जवळच्या डॉक्टरकडे नेली. सोबत भावजी आले. मी म्हटलंसुद्धा, नका येऊ. ते म्हणाले, "वहिनी, अशा वेळी घरचा माणूस पाहिजे."

डॉक्टर दारातूनच बघत राहिले. पाणी पिते का विचारलं. मिस्टर म्हणाले, नाही, पाणी बघून मागे सरते. मग डॉक्टरांनी बरोबर प्रश्न विचारला. मला तो शब्द न् शब्द आठवतो. "कोणी मारलंय का हिला? गाडीखाली आली होती का?"

मिस्टरांनी भावजींकडे बघितलं, कारण दुपारपासून दुकान बंद करून ते घरीच होते. भावजी म्हणाले, "नाही नाही. कोणी बोटसुद्धा नाही लावलं. सकाळपासूनच अशी विचित्र करत होती."

"सकाळी मी तिला शिळी कडक चपाती दिली," मी म्हटलं. "कडाकडा खाल्ली तिने."

"वहिनी भावनेत बोलतायत, डॉक्टर."

दोन पुरुष एक सांगतायत आणि एक बाई रडत दुसरंच सांगतेय. डॉक्टरांनी कोणाचं ऐकलं असेल ते मी लिहायला नको. बांधून ठेवा, जवळ जाऊ नका, काही दिवसांत काय ते कळेल, म्हणाले. म्हणजे काय कळेल ते आम्हाला समजलं. त्या डॉक्टरांवर माझा राग आहे, पण अर्धाच. त्यांना जे सांगितलं त्यावर ते चालले.

मागच्या बोळात

घरामागे एक बोळ आहे, नळ आणि संडासाच्या पाइपांचा. त्याला जाळीचं दार आहे. तिथे चिंधीला बांधली. आम्ही जाळीच्या अलीकडे, ती पलीकडे. पूनम रोज लांबून पेज ठेवायची. चिंधी पेजेत नाक घालायची, पेज लाल व्हायची, पोटात किती जायची देव जाणे. तिचं पोट दिवसेंदिवस खपाटीला जात होतं. मग वास यायला लागला. जनावर मेल्यावर येतो तो वास जिवंत जनावराला येत होता.

लोक म्हणतात पिसाळलेलं कुत्रं माणूस ओळखत नाही. ही मला बघून उठून बसायची. कारखान्यातून आले की मी जाळीपाशी स्टूल टाकून बसायचे आणि बोलायचे, "चिंधे, खा गं थोडं. माझ्यासाठी खा." शेजारणी खिडकीतून बघायच्या. एकीने तर विचारलं, अजून आहे का? म्हणजे जशी काही भाडेकरू.

घरात आमचं बोलणं बंद झालं होतं. मिस्टर जेवून टीव्हीसमोर बसायचे, आवाज मोठा करून, बोळातलं कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून. सासूबाई खुर्चीत बसून पदराने डोळे पुसायच्या. मला वाटायचं, म्हातारीचा जीव तुटतोय कुत्रीसाठी. वाटायचं काय, मी त्यांना धीर द्यायचे!

शेजारी एक सिंधी म्हातारी आहे, तिला सगळे दादी म्हणतात. गल्लीत तिनेच पहिल्यांदा अक्कल वापरली. जाळीतून बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाली, "शैला, पागल कुत्ता इतने दिन नहीं जीता. डॉक्टर ने बोला था ना मर जाएगी? मरी क्या? इसको कुछ और है. तू रोना बंद कर और दूसरा डॉक्टर देख."

मी तिच्या पाया पडले. ती लाजली, म्हणाली, चल हट.

बदलापूर

पूनमने बदलापूरच्या एका डॉक्टरीणबाई शोधल्या. रिक्षावाला कोणी न्यायला तयार नव्हता. शेवटी शेठनी कारखान्याचा टेम्पो दिला, पँटांचे गठ्ठे वॉशिंगला जातात तो. मिस्टर पुढे ड्रायव्हरशेजारी, मी आणि पूनम मागे गठ्ठ्यांवर, मध्ये टोपली.

डॉक्टरीणबाईंनी आधी सुया कधी दिल्या ते विचारलं, मग हातमोजे घातले, भुलीचं इंजेक्शन दिलं आणि चिंधीचं तोंड उघडलं. इतकंच करायचं होतं. इतके दिवस इतकंच कोणीतरी करायचं होतं. मग एक्स-रे काढून मला आत बोलावलं.

"हा रेबीज नाही. जबडा तुटलाय, दोन ठिकाणी. पुढे चुरा झालाय आणि मागे या बाजूला चीर आहे. किती दिवस झाले याला?"

मी सांगितलं, दोन आठवडे होऊन गेले. बाई एक्स-रे परत उजेडात धरून बघत होत्या. मग म्हणाल्या, "लगेच आणलं असतं तर तारेने बांधून सगळं वाचवता आलं असतं. आता पुढचं हाड कुजलंय. ते कापून काढावं लागेल. पुढचे दात त्याच्याबरोबर जातील."

मला रडू नाही आलं. राग आला.

"गाडीने झालं का?" मी विचारलं.

"गाडीने अंगावर बाकी कुठेतरी खरचटतं. हिच्या अंगावर काही नाही. हा एकच फटका आहे, खालून वर आलेला. आणि हे बघा, हनुवटीखाली भोक. काहीतरी आकडा असलेलं होतं."

दुकानाचं शटर खाली ओढायला लोखंडी दांडा असतो, टोकाला आकडा असलेला. आमच्या जिन्यात असा एक दांडा उभा असतो. गल्लीतली पोरं पळवतात म्हणून भावजी तो रोज घरी आणतात. दांड्याचं नंतर, आधी ऑपरेशन होऊ दे, असं मनात म्हटलं.

बाहेर बाकावर मिस्टर म्हणाले, "शैला, जबडा कापून काय उरणार तिचं? इंजेक्शन देऊन झोपवून टाकतात म्हणे. तिचेही हाल संपतील."

"आईंचा गुडघा बदलायचा होता तेव्हा बोलला होतात का, झोपवून टाका?"

"आई आणि कुत्री सारखी झाली का?"

"हाल सारखे असतात," मी म्हटलं. समोर मांजर घेऊन बसलेली बाई आमच्याकडे बघत होती. बघू दे. मिस्टर उठून चहा प्यायला गेले आणि मी आत जाऊन सांगितलं, करा.

पुढे चार-पाच तास कसे गेले ते मला विचारू नका. पूनमने वडापाव आणला, तो तसाच पिशवीत राहिला.

नवीन तोंड

शुद्धीवर आल्यावर चिंधीला बघितलं तर मी ओळखलीच नाही. खालचा जबडा आखूड झाला होता. ओठ वर ओढून शिवला होता, मागची चीर तारेने बांधली होती. गळ्याच्या बाजूने अन्नाची नळी बाहेर काढलेली आणि वरून नरसाळ्यासारखी प्लास्टिकची कॉलर. पहिल्यांदा बघाल तेव्हा तुम्हालाही धक्का बसेल. बसू द्या, पण कुत्र्यासमोर किंचाळू नका, त्याचं सगळं लक्ष तुमच्या आवाजावर असतं. माझी नजर मेली टाक्यांवर गेली. एकसारखे, जवळजवळ घातलेले. आमच्या कारखान्यात असा हात एकीचाही नाही. त्या टाक्यांनी मला काय धीर दिला, काय सांगू.

घरी आल्यावर नळीतून जेवण. भात, कोंबडीचं पाणी, उकडलेला भोपळा, सगळं मिक्सरमध्ये गंधासारखं वाटायचं, गाळायचं, पिचकारीने हळूहळू सोडायचं. घाई केली की उलटी. आमचा मिक्सर पहिल्याच आठवड्यात जळला. दादीने तिचा आणून ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "वापस मत करना जब तक ये खुद न खाए." ती शाकाहारी बाई. कोंबडी वाटायला स्वतःचा मिक्सर दिला तिने.

जबडा जास्त उघडू नये म्हणून सैल पट्टी बांधायला सांगितली होती. बाजारातली पट्टी टाक्यांना घासायची. मग मी कारखान्यातून पॉकेटिंगचं कापड आणलं, खिशाच्या आत असतं ते मऊ, आणि तिच्या मापाची शिवली. मला वाटलं, आता तरी लोकांना दिसेल की ही आजारी आहे. कसलं काय! गल्लीत नवीन सुरू झालं. "तोंड बांधून ठेवलंय म्हणजे खरंच चावते. शैलाबाई लपवतायत." पोरांना आमच्या दारावरून जायला बंदी झाली. एक्स-रे दाखवू का म्हटलं तर एक जण म्हणाला, आम्हाला काय त्यातलं कळतं. पिसाळलेलं मात्र सगळ्यांना बरोबर कळतं!

सासूबाई

एका दुपारी मी नळीतून जेवण सोडत होते. पूनम कामाला गेलेली, म्हणून चिंधीचं डोकं धरायला सासूबाईंना बसवलं होतं. चिंधीने त्यांच्या मांडीवर मान टाकली. सासूबाई एकदम हुंदके द्यायला लागल्या.

"रॉडने मारलं गं सुरेशने. मी वरच्या गॅलरीतून बघितलं."

"कशाला?" मी पिचकारी थांबवून विचारलं.

"त्याच्या नवीन गाडीच्या चाकावर मुतली ही. त्याने रॉड उचलला आणि घातला."

"आई, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"पोटचा पोरगा आहे माझा. तू त्याला घराबाहेर काढलं असतंस."

"अहो, पण नुसतं मला कानात सांगितलं असतं, मार लागलाय एवढंच, तर मी डॉक्टरला सांगितलं असतं. हिचं हाड वाचलं असतं हो आई! दात वाचले असते!"

त्यांनी पदर तोंडात कोंबला. मी पिचकारी रिकामी केली, नळी धुतली, झाकण लावलं. त्या दिवशी मी त्यांना चहा दिला नाही. दुसऱ्या दिवशी दिला. त्यांना माफ केलंय का हे मला अजून सांगता येत नाही. सत्तरीच्या पुढची बाई, तिच्याशी किती दिवस भांडणार. पण त्यांनी कुत्रीसाठी रडणं आता मला बघवत नाही, उठून आत जाते.

जिन्यात

भावजींना मी जिन्यात गाठलं. हातात तोच दांडा होता.

"भावजी, चिंधीला तुम्ही मारलंत."

"वहिनी, आवाज खाली. गल्ली ऐकतेय."

"ऐकू दे! मारलंत की नाही?"

"लागलं चुकून. जीव घ्यायला मारलं का मी? नवीन गाडी, रोज घाण करायची."

"बरं, रागात हात उठला. माणसाचा उठतो. मग पिसाळली म्हणून बोंब कशाला ठोकलीत? डॉक्टरसमोर खोटं कशाला बोललात?"

"मग काय सांगू लोकांना? मी मारली? रविवारी कोणत्या तोंडाने पुढे बसू?"

असं. पहिलं शील म्हणजे जीवाला मारणार नाही, आणि ते म्हणवून घेणारं तोंड वाचवायला माझ्या चिंधीचं तोंड गेलं. खोटं बोलणार नाही हेही एक शील आहे, तेही मी त्यांना जिन्यातच ऐकवलं. ओरडून ऐकवलं. मिस्टर धावत आले आणि मलाच आत ओढायला लागले. "जाऊ दे ना शैला. घरातला माणूस आहे."

"ही कुठली होती? रस्त्यावरची?"

मिस्टरांनी मला आत घेऊन दार लावलं. त्यांनी भावाला आजपर्यंत एका शब्दाने विचारलेलं नाही. मी गल्लीत चार जणींना खरं काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मागून बोलल्या, कुत्रीपायी दिराला चव्हाट्यावर उभा केला बाईने. भावजी रविवारी पुढेच बसतात. मी आता मागच्या रांगेत बसते आणि त्यांच्या मागून म्हणत नाही, माझं मी मनात म्हणते.

आज

टाके सुटले, तार निघाली, नळी निघाली. ज्या दिवशी चिंधीने परातीतला मऊ भात स्वतःच्या जिभेने उचलला, त्या दिवशी मी आणि पूनम जमिनीवर बसून हमसून हमसून रडलो. निम्मा भात फरशीवर सांडला होता, पण तिने खाल्ला. दादीचा मिक्सर मी घासून, पुसून, वर साखर ठेवून परत दिला.

ज्यांचं कुत्रं आज या अवस्थेत असेल त्यांना सांगते, जबडा गेला म्हणून जीव जात नाही. पसरट भांडं वापरा, जेवण मऊ द्या, मान पुसायला एक फडकं कायम जवळ ठेवा. आणि डॉक्टरला मार लागल्याचं खरं सांगा. कोणी मारलं असेल, अगदी घरातल्याने मारलं असेल, तरी सांगा. तुमची अब्रू नंतर सांभाळा.

आता चिंधीची जीभ एका बाजूने बाहेर असते. पुढे धरायला काही नाही, म्हणून लाळ गळते. ती मरेपर्यंत गळणार. नवीन कोणी गल्लीत आलं की दचकतं आणि तोच शब्द उच्चारतं.

गेल्या रविवारी ती दारातल्या ओट्यापाशी उन्हात पडली होती. विहारातून मंडळी परतली. भावजी पांढऱ्या कपड्यांत पुढे, मागे चार माणसं. सगळ्यांसमोर ते थांबले, वाकले आणि चिंधीच्या डोक्यावरून हात फिरवायला लागले. "बघा, कशी शांत झाली आता. गुणाची झाली." माणसं माना डोलवत होती. चिंधी हाताखाली चपटी झाली होती, तिच्या पोटाखालून ओघळ निघाला होता. घाबरून मुतली होती ती. ते कोणाला दिसलं नाही.

मी हातातली बादली खाली ठेवली. "हात काढा, भावजी."

"अहो वहिनी, काही करत नाही ती आता," भावजी हसून म्हणाले. "दातच कुठे राहिलेत तिला?"

"तिचे गेले," मी म्हटलं. "माझे आहेत."